पुतळाबाईंच्या दारातली परात

पुतळाबाई तरे यांच्याबद्दल मी याआधी एकदा लिहिलं आहे. चारच ओळी होत्या. त्या चार ओळी नारपोलीतल्या निम्म्या लोकांनी मिनिटभरात वाचल्या आणि पुढे ढकलल्या. आता पुन्हा लिहायला बसलोय, आणि ह्या वेळी लांबलचक लिहिणार आहे. कंटाळा आला तरी वाचा. तेव्हा वाचलंत ना, मग हेही वाचा.

मला सगळे भाऊ म्हणतात. फखरुद्दीनशेठच्या सायझिंगमध्ये मी एकतीस वर्षं कारकून होतो. सायझिंग म्हणजे सूत लूमवर, यंत्रमागावर, चढण्याआधी त्याला खळ पाजायची जागा. खळ लावली नाही तर धागा लूमवर टिकत नाही, तटातट तुटतो. मक्याच्या पांढऱ्या पावडरीची ही खळ शिजायला लागली की गल्लीभर पेजेसारखा वास सुटतो. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी डोळे मिटून सांगेन खळ कच्ची आहे की पक्की. ह्या नाकाचा मला फार माज होता.

पुतळाबाई मूळच्या दिघाशीच्या. लग्न होऊन नारपोलीत आल्या. नवरा लूमवर होता. त्या खडखडाटात आधी त्याचे कान गेले, मग छाती गेली, मग तोच गेला. बाराव्याला त्याच्या पाळीतले सहा जण आले होते. सगळे परमुलखातले, बायका-पोरं गावाला. जेवून उठताना त्यातला एक रडायला लागला. म्हणाला, भाभी, घर का खाना आज दो साल बाद खाया. पुतळाबाईंना हिंदी धड कळत नव्हतं, पण रडणं कळलं. म्हणाल्या, "मंग उद्या पन या." अशी त्यांची भिशी सुरू झाली. पैसे साठवायची नव्हे हो, लूमवाल्यांच्या खानावळीला आमच्याकडे भिशीच म्हणतात. ह्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. सहाचे अडतीस झाले.

बाई तोंडाने फटकळ. दाराशी नळ आणि नळावर एक फुटका आरसा. लूमवरून माणूस येतो तो भुवयांपर्यंत कापसाने पांढरा झालेला असतो. तसा आत पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. "ए, कापूस झाड आधी! माझ्या डाळीत गोधडी शिवायची हाय का?" नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, म्हणून गावावरून हाका मारायच्या. "ए बलिया, भात लेनेका हाय का न्हाय?" "ए आझमगड, तू रडतो कनाला, मिरची लागली काय?" ताप आलेल्याला पेज वेगळी. पाळी बदलून उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवलेलं. एकदा बस्ती जिल्ह्याकडच्या एका कामगाराची आई गेली आणि त्याला गाडीच मिळेना. पुतळाबाई म्हणाल्या, ह्याचं सुतक ते आपलं सुतक. त्या दिवशी भिशीत फोडणी पडली नाही. अडतीस माणसांनी पांढरी डाळ खाल्ली आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं, बरं का. सायझिंग त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच. येता-जाता "काय पुतळाबाई?", "बरं हाय भाऊ," एवढं बोलणं रोजचं. पण बावीस वर्षांत मी तिथं एक घास खाल्ला नाही. आम्ही लेखणीवाले, भिशीत कसे बसणार!

आता माझं मोठेपण ऐका. रिटायर झाल्यावर मी मोबाईलवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'नारपोली जागरूक मंच'. चारशे ऐंशीवर माणसं. आणि माझा एक नियम होता, मी तो दर सोमवारी सगळ्यांना पाठवायचो: खोटी माहिती टाकणाऱ्याला ताबडतोब बाहेर काढण्यात येईल, माफी नाही. अकरा जणांना मी काढलं होतं. लिंबाच्या रसाने कावीळ घालवणारा गेला, पोरं पळवणारी टोळी आणणारा गेला. वर्तमानपत्राला मी पत्रंसुद्धा लिहायचो, की असल्या माणसांचे नंबर कंपन्यांनी जन्मभरासाठी बंद करावेत, म्हणजे डोकी ताळ्यावर येतील. माझी बायको सुनीती शाळेत मास्तरीण होती. ती म्हणायची, "झालं का न्यायमूर्तींचं? मग कांदे चिरा." मला राग यायचा. मी खरंच स्वतःला न्यायमूर्ती समजत होतो.

मार्चमधली गोष्ट. सुनीती आमच्या मुलीकडे, आसावरीकडे, डोंबिवलीला गेली होती. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी पांढरा कडक शर्ट घालून ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीला निघत होतो, तेवढ्यात ग्रुपवर व्हिडिओ आला. अठरा सेकंदांचा. समोरच्या माडीवरून कुणीतरी काढलेला. पुतळाबाई डोक्यावर एक पोतं घेऊन मागच्या दाराने भिशीत जातायत, एवढंच. खाली लिहिलेलं, हे पीठ कुठलं? कामगारांना काय खाऊ घालतात?

मी पोतं पाहिलं. त्यावरचा हिरवा शिक्का पाहिला. असली हजारो पोती माझ्या हाताखालून गेलेली. अहाहा, काय आनंद झाला मला! सगळ्या ग्रुपमध्ये हे मला एकट्यालाच कळत होतं. बूट घालता घालता खाली बसलो आणि लिहिलं:

"मी एकतीस वर्षे सायझिंगमध्ये नोकरी केली आहे. हे पोते मी ओळखतो. ही सुताला लावायची खळ आहे. ती खानावळीत कशाला जाते हे सुज्ञांस सांगणे न लगे. खात्री करूनच लिहीत आहे."

काय खात्री केली होती मी? पोत्याची. पोतं खळीचंच होतं, त्यात चूक नव्हती. पण ते आत कशाला चाललंय, हे विचारायला गल्लीत जायला पाच मिनिटं लागली असती. बूट तर पायात होतेच.

मग काय, अंगठ्यांचा पाऊस पडला. भाऊ, तुमच्यासारखी जाणकार माणसं आहेत म्हणून. भाऊ, धन्यवाद. कुणी लिहिलं, पिठात खळ मिसळतात. त्याच्यापुढचा म्हणाला, आतडी चिकटतात. तिसऱ्याने कुणाचं तरी पोट दुखल्याचं ऐकलं होतं. मी एक एक वाचत होतो आणि फुगत होतो.

आणि मग रुचिकाचा निरोप आला. रुचिका म्हणजे पुतळाबाईंची सून. बारावी झालेली, बोलायला नेमकी. नवरा टेम्पो घेऊन आठवडा-आठवडा बाहेर. तिने लिहिलं, "भाऊ, ते पोतं स्वयंपाकाचं नाही. मागच्या पडवीत मी साड्यांना आणि युनिफॉर्मना खळ घालून इस्त्री करते, त्यासाठी आहे. येऊन बघा."

येऊन बघा, म्हणाली होती पोरगी. साध्या मराठीत.

पण तोवर शंभर माणसं माझ्या बाजूने बोलून बसली होती. आता मी मागे हटू? सायझिंगवाला भाऊ? मी लिहिलं, "सारवासारव करू नये. ग्रुपचा नियम सर्वांना सारखा." आणि तिला काढून टाकलं. नाव दाबून धरायचं, मग 'काढा' दाबायचं, मग 'नक्की ना?' असं विचारतं, तिथे पुन्हा दाबायचं. नक्की ना, असं त्या यंत्राने मला विचारलं होतं. मी हो म्हटलं. तेवढ्यावर थांबलो नाही. सगळ्यांना लिहिलं की दिशाभूल करणाऱ्या ह्या नंबरची ॲपच्या कंपनीकडे तक्रार करावी. साठ-सत्तर जणांनी केली. दुसऱ्या दिवशी रुचिकाचा नंबर बंद झाला. तिची सगळी गिऱ्हाइकं त्या नंबरावर होती. शिवाय माझा निरोप वाचून जे शिव्या घालत होते, त्यांना उत्तर द्यायला त्या घरात तेवढं एकच तोंड होतं. सासूला वाचता येत नाही.

बुधवारी भिशीत तिसेक माणसं आली. गुरुवारी सतरा. शुक्रवारी कुणीतरी डाळीचा अख्खा टोप उचलून गटारात ओतला. शनिवारी नऊ माणसं राहिली. हे मला त्याच दिवसांत कानावर येत होतं, आणि खरं सांगतो, मला वाटत होतं की आपण एक चांगलं काम केलं.

रविवारी सकाळी सुनीती परतली. ती अजून बॅग सोडते आहे तोच फखरुद्दीनशेठ दारात. वय झालंय, काठी घेऊन चालतात. एकतीस वर्षांत ते माझ्या घरी लग्नाकार्याशिवाय आले नव्हते. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"भाऊ, ते पोतं माझं होतं," ते म्हणाले. "महिनाअखेरीला उरतं त्यातलं मी त्या बाईला देतो. दोन वर्षं झाली. तिची सून कपड्यांना लावते. तुम्ही असं कसं लिहिलंत? मला एक फोन नाही केलात?"

मी म्हटलं, "शेठ, मला काय माहीत..."

"माहीत नव्हतं तर लिहायचं कशाला? माझ्याकडे एकतीस वर्षं होतात तुम्ही. सुताच्या बीमचा नंबर दोनदा बघितल्याशिवाय तुम्ही गाडी सोडली नाहीत कधी. आणि माणसाबद्दल एकदाही न बघता लिहून टाकलंत? तौबा."

सुनीती आतून सगळं ऐकत होती. ती माझ्या ग्रुपात नाही. शाळा सोडली तेव्हाच हजेरी सोडली, म्हणते. बाहेर आली, माझा मोबाईल मागून घेतला, उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग आत जाऊन खुंटीवरचा माझा पांढरा शर्ट आणला, तोच मंगळवारचा, आणि शेठसमोर माझ्या मांडीवर टाकला.

"हा कुठून कडक होऊन येतो, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "माझ्या साड्या, तुमचे शर्ट, सगळं रुचिका करते. दोन वर्षं झाली. हाच शर्ट घालून लिहिलंत ना ते? अहो, त्या पोत्यातली खळ तुमच्या अंगावर होती!"

शेठ काठी टेकत उठले आणि गेले. मी तो शर्ट हातात घेऊन बसलो. कॉलर पत्र्यासारखी ताठ होती. लाज वाटते म्हणजे काय होतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. आधी कान तापतात. मग कुठे बघावं तेच कळत नाही.

आणि एवढं होऊनही मी काय केलं? पळवाट शोधली. तो निरोप पुसायला गेलो, तर इतक्या दिवसांनंतर तो फक्त माझ्याच फोनमधून पुसला जात होता. मग लिहिलं, "कोणाचा काही गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहे." सुनीतीने ते वाचलं. "झाला असल्यास?" एवढंच म्हणाली आणि कांदे माझ्यापुढून उचलून घेऊन गेली. तिने मला कांदे चिरायला दिले नाहीत, हे मला त्या दिवशी फार लागलं.

सोमवारी सकाळी सात वाजता मी त्या गल्लीत गेलो. लांबूनच दिसलं. पुतळाबाई दाराबाहेर, अगदी रस्त्यावर, परात घेऊन बसल्या होत्या. बावीस वर्षं ही बाई आतल्या चुलीपाशी पीठ मळायची. आता उघड्यावर बसून मळत होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. बाजूला पिठाचा डबा झाकण काढून ठेवलेला. रिक्षा गेली की धूळ उडायची आणि त्या परातीवर ओणव्या होऊन पीठ झाकायच्या. त्रेसष्ट वर्षांची बाई.

मला बघून त्यांचा चेहरा उजळला. देवाशप्पथ, उजळला.

"या भाऊ! बरं झालं आलात. मी तुमच्याकडंच येनार होती. कुनीतरी मेल्यानं मोबाईलवर लिवलंय, मी पिठात खळ घालते म्हून. तुमी सायझिंगवाले. खळ तुमच्याइतकी कुनाला कळते? तुमीच सांगा ना या लोकांना. तुमचा शब्द मानतात."

आतल्या उंबऱ्यात रुचिका उभी होती. नर्सच्या इस्त्री केलेल्या युनिफॉर्मचा गठ्ठा हातात. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिला सगळं माहीत होतं आणि तिने सासूला सांगितलं नव्हतं. मागाहून तिने मला कारण सांगितलं. म्हणाली, "जेवणारे तर गेलेच होते. तुमच्यावरचा त्यांचा भरवसाही घालवून त्यांच्याजवळ काय ठेवू?"

मी म्हटलं, "पुतळाबाई, ते मीच लिहिलं."

त्यांना आधी समजलंच नाही. "काय लिवलं?"

"खळीचं. ग्रुपवर. मी लिहिलं. रुचिकाला बाहेरही मीच काढलं."

त्यांचे हात पिठात तसेच राहिले. मी वाकून पायांना हात लावायला गेलो तर पाय मागे ओढले. "पायाबियाचं नाटक नको! माझा टोप गटारात वतला लोकांनी. भरल्या डाळीचा. मी त्या दिवशी रडली न्हाय. म्हटलं, कुनी वंगाळ मानूस असंल. आनि ते तुमी? रोज 'काय पुतळाबाई' म्हनता ते तुमी?" आणि मग रडल्या. पिठाच्या हातांनी डोळेही पुसता येईनात, तर रुचिकाने येऊन पदराने पुसले. मी समोर उभा. मला तिथून पळून जायचं होतं.

डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, "तिकडं मोबाईलवर माफी मागू नका. मना वाचता येत न्हाय. आठला रात्रपाळी सुटंल. हितं उभं राहून सांगा."

आठला पाळी सुटली. कापसाने माखलेली माणसं गल्लीतून यायला लागली. बहुतेक जण भिशीकडे न बघता पुढे जात होते. मी रस्त्यात उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, "भाइयो, खाने में सूत की खळ डालते हैं, ये मैंने लिखा था. झूठ था. बिना देखे लिखा." काही थांबले. कुणी हसलं. कुणी मोबाईल काढून माझा व्हिडिओ काढला. काढू दे, म्हटलं. बलियावाला पुढे आला. त्याने विचारलं, "तो काहे लिखे, चाचा? हमारी अम्मा ने क्या बिगाड़ा था आपका?"

काय सांगू त्याला? की मला पोतं ओळखता आलं म्हणून? की लोकांनी वाहवा केली म्हणून? तो मला ओलांडून नळावर गेला, भुवयांवरचा कापूस धुतला आणि आत जाऊन बसला. त्याच्यामागे चार-पाच जण गेले.

त्याच दुपारी ग्रुपवर मी सगळं लिहिलं, 'असल्यास' न घालता. आणि शेवटी लिहिलं, नियमाप्रमाणे मला बाहेर काढा. तर काय झालं असेल? हात जोडलेली चित्रं आली, दोनशेच्या वर. भाऊ, केवढं मोठं मन! चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं! रुचिकाचं काय, असं एकानेही विचारलं नाही. माझ्याबरोबरचा दुसरा ॲडमिन मिहिर. त्याला फोन केला, तर म्हणाला, "काका, तुम्हाला कसं काढणार? ग्रुप तुमचाच आहे." मी आपणहून बाहेर पडलो. तासाभरात त्याने मला परत आत घेतलं. खाली लिहिलं, आमचे मार्गदर्शक परतले. मी पुन्हा बाहेर पडलो आणि मोबाईल फडताळात टाकला.

रुचिकाच्या नंबरासाठी कंपनीला तीनदा लिहून झालं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, की तपासणी केली, निर्णय कायम आहे. कुणी तपासलं, काय तपासलं, कुणाला विचारायचं? माझा नंबर मात्र ठणठणीत चालू आहे. खोटं पसरवणाऱ्याला बंद करावं का, असं मला आज कुणी विचारलं तर मी हो म्हणेन. जरूर करावं. पण बटण माझ्या अंगठ्याखाली होतं तेव्हा मी खरं बोलणारीला बंद केलं, हेही सांगेन. रुचिकाने आता नवीन नंबर घेतलाय. जुनी गिऱ्हाइकं निम्मी आली. माझे शर्ट ती घेत नाही. सुनीतीच्या साड्या घेते, शर्ट गाठोड्यातून काढून ठेवते. मी बिनखळीचे शर्ट घालतो.

भिशीत आता तेवीस माणसं आहेत. अडतीस नाहीत. जे गेले ते दुसरीकडे बसले आणि तिथेच राहिले.

मी रोज सकाळी साडेसातला तिथे जातो. ही पुतळाबाईंची अट आहे. परात अजून बाहेरच असते. म्हणतात, आत न्यायला धीर होत न्हाय. आठला पाळी सुटते, माणसं नळावर जमतात. मग त्या सगळ्यांदेखत परात माझ्यापुढे सरकवतात. मला खाली वाकून मूठभर पीठ उचलावं लागतं, नाकाशी न्यावं लागतं, जिभेवर ठेवावं लागतं. सगळे बघत असतात.

"सांगा भाऊ, परातीत काय हाय?"

"गव्हाचं पीठ आहे," मी सांगतो.

"मोठ्यानं," पुतळाबाई म्हणतात. "लिवलात ते सगळ्या गावाला ऐकू गेलं."

मी पुन्हा सांगतो, मोठ्याने.